मामांना घोडे दाखवायला नेलं, घोडा सोडून सगळं दिसलं

भाचा_सहकारनगर
रविवार, रात्री ११.४०

आधीच सांगतो, हा पैसे हरल्याचा धागा नाहीये. दोघांचे मिळून तीनशे गेले असतील, त्यातले शंभर तर अजून अडकलेत, ते शेवटी सांगतो.

माझे मामा, वय ७६. नोकरी खडकीला, राहणं नारायण पेठेत आणि शौक एकच, घोडे. लावायचा शौक नाही हो, बघायचा. मी तिसरी-चौथीत असताना पावसाळ्यातल्या रविवारी मला स्कूटरवर पुढे उभं करून कॅम्पातल्या रेसकोर्सवर न्यायचे, आईला सांगायचं एम्प्रेस गार्डनला चाललोय, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं कारण दोन्ही शेजारी शेजारी. गेल्यावर आधी पॅडॉकच्या (रेसआधी घोडे फिरवून दाखवतात ते रिंगण) कठड्याला टेकून घोडे गोल फिरताना बघायचे. मामा एकेकाच्या मागच्या पायांकडे, पुठ्ठ्यांकडे बघून काहीतरी पुटपुटायचे, मग एखाद्यावर दहा रुपये आणि मग रेलिंगपाशी. कोण जिंकलं ते एक आठवत नाही. आठवते ती जमीन. घोडे वळणावरून सरळ आले की आधी ते पायाखाली कळायचं, मग कानाला, आणि मग समोरून रंगीत काहीतरी फर्रकन जायचं, की लगेच ओल्या गवताचा आणि घामाचा वास.

तर ऑगस्टात मामांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. लोक पट्टी काढल्यावर नातवंडांची तोंडं बघतात, हे म्हणाले आता एकदा घोडे बघायला पाहिजेत. पुण्याचा सीझन चालूच होता पण आमचं कायम हा रविवार नको पुढचा बघू, आणि तेवढ्यात दसऱ्यानंतर मावसभावाच्या साठीशांतीला दुसऱ्या राज्यात जायचं ठरलं. त्या शहरात रेसकोर्स आहे, रविवारी रेस होती, म्हणलं एका दगडात दोन पक्षी. शहराचं नाव लिहीत नाही, विचारू पण नका, माझा भाऊ तिथे राहतो आणि त्याचे निम्मे शेजारी तिथले मेंबर आहेत.

मेन गेट बंद. बोर्डावर बाण उजवीकडे, उजवीकडे भिंत. एका नारळवाल्याने सांगितलं की ते गेट आता लग्नाच्या लॉनला दिलंय, तुम्ही मागून जा. मागून म्हणजे ७६ वर्षांच्या माणसाला घेऊन उन्हात वीस मिनिटं. तिथे तिकीट काढलं, आत घुसणार तर म्हणे मोबाईल जमा करा. ठीक आहे, बेकायदा बुकींना आतून फोन जाऊ नयेत म्हणून हे करतात हे मला माहितीये, तक्रार नाही. दोन फोन, दोन टोकनं. मामांच्या गळ्यात त्यांची जुनी दुर्बीण होती, तिच्याकडे त्या माणसाने असं बघितलं की आम्ही तोफ आणलीये. साहेबांना विचारून येतो म्हणाला आणि गेला तो दहा मिनिटं आलाच नाही, मग मामाच म्हणाले चल रे, आणि आम्ही तसेच आत.

आत गेल्या गेल्या पाण्याची बाटली मागितली. काउंटरवरचा पोरगा म्हणतो फक्त यूपीआय. म्हणलं बाबा, फोन तुम्हीच घेतलाय. तर म्हणे मग बाहेर जाऊन करा. आणि तिकडे पैजेच्या खिडकीवर फक्त रोख! म्हणजे घोड्यावर पैसे उडवायला नोटा चालतात, म्हातारा तहानला तर नोटा चालत नाहीत. शेवटी शेजारच्या एका स्टाफच्या बाईंनी स्वतःच्या फोनवरून पैसे भरले आणि आमच्याकडून वीस रुपये घेतले. त्या दिवशीची माणुसकी तेवढीच.

स्टँड अर्धा बंद, लाल पट्टी लावून. उरलेल्या अर्ध्यात कबुतरं. खुर्च्यांवर जे होतं ते कबुतरांचंच. मी रुमाल घातला, मामा म्हणाले बसायला कोण आलंय, पॅडॉक कुठाय? पॅडॉक फक्त मेंबर आणि मालकांसाठी. बरं, रेलिंग? आमच्या भागापुढे जाळी, आणि जाळीच्या पुढे मैदानात कसल्यातरी कार्यक्रमाचा मांडव, लोखंडी सांगाडा, काळं कापड. म्हणजे पलीकडच्या बाजूला घोडे सुटतात ते मांडवामागे, वळतात ते मांडवामागे, आणि शेवटच्या शंभर-दीडशे मीटरला जाळीतून डोकी दिसतात. जॉकींची. घोड्यांची नाही.

पण खरं डोकं फिरलं ते पुढे. स्टँडमध्ये शे-दीडशे लोक असतील, बहुतेक पन्नाशीच्या वरचे, आणि सगळे ट्रॅककडे पाठ करून उभे. कारण मागच्या भिंतीवर टीव्ही आहेत. टीव्हीवर दुसऱ्या शहरातली रेस, ती संपली की तिसऱ्या शहरातली. मध्येच इथली खरी रेस सुटली तरी एकाने मान वळवली नाही, तीसुद्धा टीव्हीवरच बघितली! पाठीमागे पन्नास-साठ मीटरवर जिवंत घोडे पळतायत आणि हे भिंतीकडे बघून ओरडतायत. ट्रॅककडे तोंड करून उभे फक्त आम्ही दोघं आणि एक माळी.

कार्डावर सात शर्यती होत्या. एकीत चार घोडे. चार! मामा म्हणाले एवढे तर आमच्या लहानपणी टांग्याच्या स्टँडवर असायचे. तिसरीनंतर भोंगा वाजला, म्हणजे ऑब्जेक्शन, कुणीतरी निकालावर हरकत घेतली, निकाल थांबवला. माइकवर कोणीतरी काहीतरी बोललं, ते स्टेशनवरच्या अनाउन्समेंटपेक्षा वाईट, शेजारच्याला विचारलं तर तो म्हणाला मी इथली खेळतच नाही. चौथ्या शर्यतीला मामांनी सहा नंबरवर शंभर लावले, नुसता जॉकीचा रंग आवडला म्हणून, आणि आभाळ फुटलं. परतीचा पाऊस तासभर. मग ट्रॅक घसरडा म्हणून उरलेल्या शर्यती रद्द. पैसे परत मिळतील, खिडकी नंबर चार. खिडकी नंबर चारवर फळी लावलेली. तीनवाला म्हणे चारवर जा. पाचवाला म्हणे उद्या या. म्हणलं उद्या सकाळी आमची गाडी आहे पुण्याची. तर म्हणाला मग पुढच्या मीटिंगला या.

रिक्षात मामा काही बोलले नाहीत. भावाकडे पोचल्यावर मावशीने विचारलं कसे होते घोडे, तर म्हणाले टोप्या छान होत्या.

कुणाला असले अनुभव आहेत का? का आम्हीच मूर्ख, घोडे बघायला रेसला जाणारे?


चष्मेबहाद्दर
रविवार, रात्री ११.५८

फोन जमा आणि पाणी यूपीआयवर 😂😂 हे फ्रेम करून लावा. मामांना सा. न.


वानवडी_वॉकर
सोमवार, सकाळी ६.५०

टोप्या छान होत्या... वाचून हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं.

आम्ही वानवडीत ४० वर्षं. पुण्याचं रेसकोर्स १८३० चं, जमीन लष्कराची, त्यामुळे निदान मांडव-लॉनवाल्यांच्या घशात सहज जात नाही. इथल्या रेस पावसाळ्यातच का, हे नव्या लोकांना माहीत नसतं म्हणून लिहितो. मुंबईत जून ते सप्टेंबर पाऊस इतका की महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोडे पळवणं शक्य नाही, म्हणून जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, कधी त्याच्याही थोडं पुढे, पुणे आणि मग थंडीत मुंबई. घोडे, ट्रेनर, जॉकी, मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे), नालबंद असं सगळं गावच्या गाव घाट चढून वर यायचं. ब्रिटिशांच्या वेळी तर मुंबईचा गव्हर्नरही पावसाळ्यात पुण्याला मुक्कामाला यायचा, गणेशखिंडीला, म्हणजे आत्ताचं विद्यापीठ. साहेब आला की सरकार आलं, सरकार आलं की पार्ट्या आल्या, त्यात घोडे आलेच. थोडक्यात आपल्याकडे रेस आली ती पावसाबरोबर, आणि तुमची रेस गेली ती पण पावसातच, काय योगायोग बघा.

माझ्या लहानपणी सीझन सुरू झाला की आमच्या भागात घरमालक खोल्या भाड्याने द्यायचे, मुंबईहून शौकीन यायचे ते दोन-तीन दिवस राहायचे. बाहेर भुर्जीच्या गाड्या. हरलेले उधारीवर खायचे आणि जिंकलेले सगळ्या गाडीचं बिल भरायचे. आता रविवारी तिकडून जाताना आज रेस आहे की नाही हे ट्रॅफिकवरून कळत नाही.


मी_कोथरूडची
सोमवार, सकाळी ९.२२

माफ करा, पण मला यात हळहळण्यासारखं काही दिसत नाही. माझ्या सख्ख्या काकांनी ह्या घोड्यांपायी शनिवार पेठेतलं राहतं घर घालवलं. काकूने ट्यूशन घेऊन दोन मुली वाढवल्या. तुम्ही सगळे ओल्या गवताचा वास, दुर्बीण, टोप्या वगैरे छान लिहिता पण घरात सोमवारी काय असायचं ते आम्ही बघितलंय. लोक येईनासे झाले असतील तर बरंच आहे. जागेची बाग करा.


चष्मेबहाद्दर
सोमवार, सकाळी ९.४०

कोर्टाच्या मते मात्र हा जुगार नाही, कौशल्याचा खेळ आहे. १९९६, सुप्रीम कोर्ट, लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू सरकार. घोड्याची वंशावळ, वजन, आधीची कामगिरी, जॉकी हे सगळं अभ्यासून अंदाज करता येतो म्हणून.


मी_कोथरूडची
सोमवार, सकाळी ९.४७

काकांचा अभ्यास दांडगा होता. कपाटभर रेसबुकं होती. घर गेल्यावर ती रद्दीत घातली, १४ किलो भरली.


भाचा_सहकारनगर
सोमवार, दुपारी १.१५

कोथरूडच्या ताई, तुमच्या म्हणण्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे आजी होती म्हणून मामा दहा रुपयांवर थांबले, ती रविवारी सकाळी मोजून दहा द्यायची आणि संध्याकाळी हिशोब घ्यायची. सगळ्यांच्या घरी अशी आजी नसते हे कबूल.


टोटच्या_खिडकीतून
सोमवार, रात्री १०.०५

२९ वर्षं टोटच्या खिडकीत बसलोय, कुठल्या गावात ते राहू द्या. भाचेसाहेब, तुमचा राग बरोबर आहे पण तुम्ही चुकीच्या दुकानात गेलात. सांगतो कसं ते.

टोट म्हणजे काय, सगळ्यांच्या पैजांचे पैसे एका हंड्यात. त्यातून कर आणि क्लबचा वाटा काढायचा, उरलेले जिंकलेल्या तिकिटांवर वाटायचे. क्लब जगतो तो हंड्यातल्या वाट्यावर. तुमच्या गेटच्या तिकिटावर नाही, वड्यावर नाही. म्हणजे क्लबच्या हिशोबात तुम्ही आणि मामा मिळून शंभर रुपयांचं गिऱ्हाईक. भिंतीकडे तोंड करून उभा असलेला तो माणूस दिवसभरात पाच-दहा हजारांची तिकिटं फाडतो. आता सांगा खुर्ची कुणासाठी पुसायची?

त्यातून टीव्हीचं. पूर्वी एका दिवसात सात शर्यती आणि दोन शर्यतींमध्ये अर्धा तास मोकळा. ह्या अर्ध्या तासात लोक पॅडॉकला जायचे, घोडा बघायचे, चहा, भांडणं, टिपा, खिडकीशी रांग. हा वेळ म्हणजेच रेस होती खरं तर, पळणं काय, दीड मिनिटात संपतं. मग दुसऱ्या केंद्रांवरच्या शर्यती इथून खेळायची सोय झाली. हंडा वाढला, क्लबला बरं वाटलं. पण तो अर्धा तास गेला. आता दर दहा मिनिटांनी कुठलीतरी रेस सुटतेच, माणूस पॅडॉकला जाईल कधी आणि घोडा बघेल कधी? आमच्या खिडकीवर पूर्वी लोक घोड्याचं नाव घ्यायचे. मी रिटायर होताना गाव, रेस नंबर, घोडा नंबर एवढंच, त्या घोड्याचा रंग काळा का तांबडा हे घेणाऱ्याला माहीत नसायचं. भाजी घेतल्यासारखं.

वरून कर. जीएसटी आधी २८ टक्के, तोही क्लबच्या वाट्यावर नाही तर पूर्ण पैजेवर, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. तुम्ही जिंका नाहीतर हरा. परत एका तिकिटावर दहा हजारांवर जिंकलात तर ३० टक्के टीडीएस वेगळा. मग शहाणा माणूस काय करेल? बाहेरच्या बेकायदा बुकीला फोन. तिथे कर नाही, पावती नाही, उधारी चालते. म्हणजे खेळणारे कमी झालेत असं समजू नका, ते फक्त खिडकीवरून गेलेत. कोथरूडच्या ताईंच्या काकांसारखी माणसं आज घरात सोफ्यावर बसून घर घालवतात, तेवढाच फरक.

तुमच्या शंभर रुपयांबद्दल. रद्द शर्यतीचे पैसे मिळायलाच पाहिजेत, तिकीट जपून ठेवा, मुदत असते आणि ती बहुतेक तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात असते. खिडकी बंद ठेवणं मात्र निव्वळ आळशीपणा, त्याला कर जबाबदार नाही.


नाल_आणि_लगाम
मंगळवार, सकाळी ८.३०

पशुवैद्य आहे, पूर्वी काही वर्षं एका स्टड फार्मवर (रेसच्या घोड्यांची पैदास करतात तिथे) होतो. चार घोड्यांच्या शर्यतीबद्दल थोडं.

घोडा पाळायला बक्षिसाच्या रकमेची आशा लागते. बक्षीस येतं हंड्यातल्या वाट्यातून. हंडा आटला की बक्षीस घटलं, बक्षीस घटलं की मालक नवीन पोरं घेत नाही (पोर म्हणजे शिंगरू हो), मग शर्यतीत घोडे कमी. आणि चार घोड्यांच्या शर्यतीवर कोण लावणार, भावच मिळत नाही, म्हणून हंडा आणखी आटतो. तो खर्च मात्र रोजचा, घोडा रविवारी पळो न पळो, चंदी म्हणजे खाणं, मोतद्दाराचा पगार, नाल, औषध सोमवार ते रविवार चालूच.

पावसात रद्द केलं त्याला मात्र नावं ठेवू नका. ट्रॅक किती मऊ आहे हे पेनेट्रोमीटर नावाच्या दांड्याने मोजतात, जमिनीत किती रुततो त्यावरून. नुसता मऊ चालतो, पुण्याचे घोडे तर चिखलातच पळायला शिकतात. पण कडक जमिनीवर एकदम पाऊस पडून वरचा थर सरकायला लागला की वळणावर साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर साठच्या स्पीडने घसरतं आणि वर पन्नास-पंचावन्न किलोचा पोरगा. एकदा बघितलंय. परत बघायचं नाही.

पुण्याचं आणि घोड्यांचं अजून एक नातं बहुतेकांना माहीत नसतं. हडपसरला पूनावालांचा स्टड १९४६ चा. तिथले निवृत्त घोडे सीरम काढण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे, घोड्याच्या रक्तातून धनुर्वाताचं, सापाच्या विषावरचं औषध करतात ना, त्यासाठी. त्यातूनच १९६६ ला सीरम इन्स्टिट्यूट काढायची कल्पना निघाली. म्हणजे कोविडची लस तुमच्या दंडात गेली तिच्या पणजोबांमध्ये कुठेतरी रेसचा घोडा आहे 🙂


वानवडी_वॉकर
मंगळवार, सकाळी ९.०५

क्या बात. हे मलाही माहीत नव्हतं आणि मी हडपसरला १२ वर्षं नोकरी केली.

बाकी ही पडझड आपल्याकडचीच नाही. सिंगापूरला १८४२ पासून रेस होत्या, ५ ऑक्टोबर २०२४ ला शेवटची झाली, जागा सरकारला घरांसाठी हवी. मकाव पण २०२४ लाच बंद. आणि महालक्ष्मीच्या जागेतली १२० एकर बागेसाठी महापालिकेकडे, ९१ एकर क्लबकडे असा व्यवहार ठरलाय. कोथरूडच्या ताईंची बाग मुंबईत होतेय तर.


भिर्रर्र_मंचर
मंगळवार, रात्री ९.५०

काय राव तुम्ही शहरातली माणसं, टीव्हीवर घोडे बघता, आमच्याकडं या. बैलगाडा. आंबेगाव, खेड, जुन्नर, कुठलीपण यात्रा धरा. तिकीट नाय, मेंबर नाय, जाळी नाय. मामांना घाटाच्या (आमच्याकडं शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणत्यात) कडेला दगडावर बसवतो, वर छत्री, हातात उसाचा रस, रोख चालतो 😀 बारी (एका गाड्याची पाळी) सुटली की निवेदकाचा आवाज तीन गावं ऐकतात. तुमच्या त्या माइकवाल्याला आमच्याकडं शिकायला पाठवा. आणि ट्रॅककडं पाठ करून उभा राहिला तर बैल पाठीवरनंच जाईल.

आमची शर्यत पण बंद पडली होती बरं का. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बंदी घातली, सात वर्षं घाट ओस. लोकांनी बैलं इकली नायत, नुसती दारात बांधून सांभाळली, फिरवून आणायची रोज सकाळी. डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि पहिल्या यात्रेला पाय ठेवायला जागा नव्हती. मे २०२३ ला घटनापीठानं पक्कं केलं. आता सांगा, तुमच्या रेसकोर्सला उद्या बंदी घातली तर सात वर्षं कोण घोडा दारात बांधून ठेवील?


मी_कोथरूडची
मंगळवार, रात्री १०.१०

तिथे पैजा लागत नाहीत असं म्हणणं आहे का तुमचं?


भिर्रर्र_मंचर
मंगळवार, रात्री १०.१३

ताई झोपा आता


टोटच्या_खिडकीतून
मंगळवार, रात्री १०.३०

😄

पण मंचरकर, एक फरक आहे. तुमच्याकडे बैल ज्याचा तो गावातला, त्याची पोरं घाटात, त्याचा भाऊ गाडा जुंपतो, हरला तरी गावात तोंड दाखवायचं असतं. आमच्याकडे मालक मेंबर स्टँडमध्ये, खेळणारा खालच्या स्टँडमध्ये, दोघांची दारंसुद्धा वेगळी, पहिल्यापासून. साहेबाने केलं तसंच ठेवलं. खालच्या स्टँडमधल्या माणसाला तो घोडा आपला कधी वाटलाच नाही, फक्त आपला नंबर वाटला. नंबर तर घरबसल्या पण मिळतो.


संपादक
बुधवार, सकाळी १०.००

दोन प्रतिसादांत सदस्यांनी त्या रेसकोर्सचं नाव ओळखायचा प्रयत्न केला होता, ते काढले आहेत. धागाकर्त्याने नाव दिलेलं नाही, आपणही देऊ नये. आजच्या जॉकींबद्दलचे 'सगळं फिक्स असतं' छापाचे आरोपही इथे नकोत.


चष्मेबहाद्दर
बुधवार, सकाळी १०.०४

संपादक, सहा नंबर घोड्यावरची बंदी पण आहे का


भाचा_सहकारनगर
बुधवार, रात्री ११.२०

सगळ्यांचे आभार. खिडकीवाल्या काकांनी लिहिलेलं मामांना वाचून दाखवलं. अर्धा तास गेला, हे त्यांना फार पटलं. म्हणाले मी त्या अर्ध्या तासासाठीच जायचो, आणि तुझ्या आजीला हिशोब दहा रुपयांचा द्यायचो. मंचरकर, चैत्रात येतो, दगड राखून ठेवा.

पण काका, एक मुद्दा नाही पटला. शंभर रुपयांचं गिऱ्हाईक म्हणून खुर्ची पुसायची नाही, ठीक. पण ते पाच-दहा हजारवाले सगळे साठीचे आहेत हो. ते पहिल्यांदा आले तेव्हा मामांसारखंच कुणाचंतरी बोट धरून दहा रुपये घेऊन आले असणार, घोडे बघायला. आता त्या स्टँडमध्ये एकही लहान पोरगं नव्हतं, आणि आणलं तरी त्याला दाखवणार काय, जाळी?


टोटच्या_खिडकीतून
गुरुवार, सकाळी ७.१५

खरंय. हा हिशोब आमच्या कुठल्याच वार्षिक सभेत झाला नाही.

बरं ऐका, ट्रॅक पुण्यात आहे आणि घोडे अजून इथेच आहेत, सीझन संपला की मुंबईला जातील. सकाळी कसरत असते त्यांची, साडेपाच-सहापासून, ऊन वर यायच्या आत. रविवारी रेसला नका नेऊ, साध्या दिवशी पहाटे न्या. कुंपणापाशी उभे राहा. कुणी काही म्हणत नाही.


भाचा_सहकारनगर
शुक्रवार, सकाळी १०.५०

आज वसुबारस, घरी गायवासराची पूजा, आणि आम्ही पहाटे सव्वापाचला रिक्षा करून घोड्यांकडे. बायको म्हणाली निदान बैल तरी बघायचा होता आज.

अंधारच होता अजून. आधी काहीच नाही, चार फिरायला आलेले लोक आणि दव. मग मामांनी माझा दंड धरला आणि पायाकडे बोट दाखवलं. मला काही कळेना. मग मलाही कळलं, जमीन. त्यानंतर आवाज, आणि दोन घोडे जोडीने धुक्यातून आले, जॉकीच्या अंगावर साधं जॅकेट, रंग नाही टोप्या नाहीत, फक्त नाकपुड्यांचा आवाज, फुर्र फुर्र, प्रत्येक टापेबरोबर एक. पंचवीस-तीस फुटांवरून गेले असतील. तासाभरात वीसेक तरी बघितले, मोजत होतो. दुर्बीण गळ्यात होती ती मामांनी डोळ्याला लावलीच नाही. एका तांबड्याला बघून म्हणाले हा मागचा डावा जरा वाचवून टाकतोय, आणि दहा मिनिटांनी खरंच एक मोतद्दार त्याला चालवत परत नेताना दिसला, तेव्हापासून म्हातारा जो फुशारलाय तो अजून उतरला नाहीये, मावशीला फोन झाला, सोसायटीच्या वॉचमनला सांगून झालं.

परत येताना इराण्याकडे चहा-बनमस्का. रोख घेतले.


नाल_आणि_लगाम
शुक्रवार, सकाळी ११.२५

मागचा डावा अंधुक उजेडात कुंपणापासून ओळखला? मामांना ऑपरेशन कुणी केलं त्या डॉक्टरचा पत्ता द्या, मला पण करून घ्यायचंय.


वानवडी_वॉकर
शुक्रवार, दुपारी १२.४०

अहो माझ्या घरापासून दहा मिनिटांवर! पुढच्या वेळी कळवा, मीही येतो, थर्मास आणतो.


चष्मेबहाद्दर
शुक्रवार, दुपारी १.०२

आणि ते शंभर रुपये??


भाचा_सहकारनगर
शुक्रवार, दुपारी १.३०

तिकीट मामांच्या पाकिटात आहे. मागे बारीक अक्षरात मुदत खरंच निघाली, नव्या डोळ्यांनी त्यांनीच वाचली, मला चष्मा लावूनही दिसत नव्हती. कुणी त्या बाजूला जाणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, गावाचं नाव तिथे सांगतो. खिडकी नंबर चार. फोन बाहेर ठेवावा लागेल, पाणी घरून न्या.